पाहुण्यांच्या खोलीला ‘तेरेखोल’ नाव देताना

नाव द्यायचं तर आधी खिडकी बघा. गोव्यातल्या केरी गावातल्या आमच्या घरात एकाच खोलीतून नदीपलीकडचा तेरेखोलचा किल्ला दिसतो, म्हणून ते नाव तिलाच. मागच्या खोलीला ते देऊ नका. पाहुणा आल्याआल्या पिशवी ठेवतो आणि खिडकीच उघडतो.

पाटी सागवानी करा. माझी पहिली पाटी लोखंडी होती. खाऱ्या वाऱ्याने एका पावसाळ्यात ती गंजली आणि चुन्याच्या भिंतीवर तांबडे ओघळ आले. स्क्रूसुद्धा स्टेनलेस स्टीलचेच घ्या. एक भिंत गिलावा न करता चिऱ्याचीच ठेवा, हात फिरवला की खडबडीत लागली पाहिजे.

उशाशी किल्ल्याची माहिती लिहून ठेवा, मोजकी पण खरी: सावंतवाडीकर भोसल्यांनी तो बांधला, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला, १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी तिथे तिरंगा फडकवला. ही शेवटची ओळ मी मोठ्या अक्षरांत लिहिली आहे, कारण ती वाचल्यावर लोक पलीकडे जायचं म्हणतातच.

फेरीबोटीच्या वेळा मात्र दर महिन्याला धक्क्यावर जाऊन विचारा आणि खाली तारीख घाला.