रिटायर झाल्यावर जोडीने वर्षभर परदेशी सेवेला जायचं तर काय काय करावं

नाशिकला कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर हल्ली हा विषय सारखा निघतो, की पोरं मार्गाला लागली, पेन्शन येतंय, गुडघे अजून चालतायत, तर दोघांनी मिळून सहा महिने वर्षभर कुठेतरी बाहेर जाऊन काहीतरी काम करावं. म्हणजे टूर नाही, आणि पोराकडे जाऊन नातवंडं सांभाळणं पण नाही, खरंखुरं काम. आम्ही दोघं केनियात नैरोबीला एका धर्मादाय दवाखान्यात असं राहून आलो, मी हिशेबाचं बघायचो आणि ही औषधांच्या स्टोअरचं, त्यामुळे लोक मलाच विचारतात आणि दर वेळी तेच तेच सांगून तोंड दुखतं, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतोय.

आधी एक सांगतो. हे काम सगळ्यात पद्धतशीर कोण करत असेल तर ते मॉर्मन लोक, म्हणजे एक ख्रिस्ती पंथ. त्यांचं मुख्यालय अमेरिकेत युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीला, 1830 साली स्थापन झालेलं चर्च. त्यांची तरणी पोरं पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी नेमप्लेट लावून जोडीजोडीने फिरतात ती बऱ्याच जणांनी फोटोत पाहिली असतील, पण त्यांच्यात रिटायर झालेली नवरा-बायको पण मिशनवर, म्हणजे चर्चने नेमून दिलेल्या सेवेवर, जातात हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. नैरोबीत आमच्या वरच्या मजल्यावर असंच एक जोडपं होतं, दोघंही सत्तरीच्या आसपास. धर्माबद्दल त्यांनी एकदाच विचारलं, आम्ही हात जोडून नको म्हटलं, मग तो विषय पुन्हा निघाला नाही, पण त्यांचं रोजचं जगणं बघून आम्ही निम्मी सिस्टिम उचलली.

त्यांची सिस्टिम अशी. मुदत आधीच ठरलेली असते, 6, 12, 18 किंवा 23 महिने, त्यातली निवडायची. पगार एक पैसा नाही, उलट खर्च स्वतःचा. 2011 मध्ये चर्चने फक्त एवढं केलं की परदेशी घरभाड्याला महिना 1,400 डॉलरची मर्यादा घातली, त्याच्या वरचं चर्च भरतं, आणि 18 महिन्यांपेक्षा कमी मुदत घेतली तर विमानाचं भाडंही स्वतःच्या खिशातून. जायच्या आधी मेडिकलचे फॉर्म, घरात अवलंबून असलेली मुलं नकोत, जमल्यास आवड कळवायची पण कुठे पाठवायचं ते वरून ठरतं. आणि मुख्य म्हणजे काम नेमकं असतं: ऑफिस, मदतकार्य, मेडिकल, शिक्षण, वंशावळीच्या नोंदी असं काहीतरी. धर्मप्रचाराला दारोदार फिरायची सक्ती म्हाताऱ्यांना नाही, तरण्या पोरांचं कडक टाइमटेबल पण नाही.

आता आपल्या गाडीकडे वळू. संस्था कुठलीही असो, रामकृष्ण मिशन असो, विपश्यना केंद्र असो की एखादा ट्रस्टचा दवाखाना, जायच्या आधी तीन गोष्टी लेखी घ्या: मुदत किती, काम नेमकं काय, आणि राहणं-खाणं-विमा यातलं कोण काय देणार. "या तर खरं, मग बघू" असं जिथे म्हणतात तिथे जाऊ नका. नेमकं काम नसलं की दोन दिवसांत माणूस सगळ्यांच्या पायात पायात येतो आणि मग बायकोशी भांडतो.

व्हिसाचं संस्थेलाच विचारा आणि त्यांच्याच कागदांवर जा. केनियाला 2024 पासून फिरायला जाणाऱ्यांसाठी ऑनलाइन ईटीए (जायच्या आधी काढायची प्रवेशाची परवानगी) आहे पण तो फिरण्यापुरता, धर्मादाय कामासाठी वेगळं परमिट काढावं लागतं आणि ते संस्था काढते, पगार घेत नाही म्हणजे परमिट नको असं अजिबात नाही.

लस. इथे नीट लक्ष द्या कारण ट्रॅव्हलवाले हे उडवून लावतात. केनियातून भारतात परत येताना यलो फिवरच्या लशीचं कार्ड लागतं, नसेल तर एअरपोर्टवरून सरळ क्वारंटाइन, सहा दिवसांपर्यंत. लस फक्त मान्यताप्राप्त केंद्रावर मिळते, ती घेतल्यावर 10 दिवसांनी कार्ड लागू होतं आणि 2016 पासून ते आयुष्यभर चालतं. पण साठीच्या पुढे ही लस पहिल्यांदा घेणाऱ्यांना गंभीर त्रास व्हायची शक्यता जास्त असते, त्यामुळे आपल्या फॅमिली डॉक्टरला सगळी औषधं दाखवून आधी विचारा. त्यांनी नको म्हटलं तर सरळ दुसरा देश बघा, आफ्रिकाच पाहिजे असा हट्ट नको.

औषधं तीन महिन्यांची हँडबॅगेत, प्रिस्क्रिप्शनवर ब्रँड नाही तर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण आपला ब्रँड तिकडे मिळेलच असं नाही, मूळ नावावर केमिस्ट देतो. ट्रॅव्हल इन्शुरन्स बऱ्याच कंपन्या एका ट्रिपला 180 दिवसांपर्यंतच देतात आणि बीपी-शुगर आधीपासून असेल तर त्याला वगळतात, ते बारीक अक्षर वाचायला मुलाला बसवा. नैरोबीत अ‍ॅमरेफ फ्लाइंग डॉक्टर्सची वर्षाची मेंबरशिप मिळते, लांबच्या गावात आजारी पडलात तर विमानाने नैरोबीला आणतात. वरच्या मजल्यावरच्या काकांनी आम्हाला पहिल्याच आठवड्यात हे सांगितलं.

घर बंद करण्याचं आता. नाशिकच्या माणसाला वाटतं कुलूप लावलं की झालं, पण पावसाळ्यात बंद घराला इथे काय होतं ते तुम्हाला माहितीये, कपाटातल्या साड्यांना बुरशी, लाकडाला वाळवी. महिन्यातून एकदा कुणीतरी येऊन खिडक्या उघडेल, सगळे नळ सोडेल, फ्लश ओढेल अशी सोय करा आणि तो माणूस भाचा वगैरे असला तरी त्याला गृहीत धरू नका, पैसे नसेल घेत तर काहीतरी द्या. गाडीची बॅटरी काढून ठेवा. महावितरणचं बिल आणि घरपट्टी ऑनलाइन भरता येते, सोसायटीचा मेंटेनन्स वर्षाचा आगाऊ भरून पावती घ्या, नाहीतर सेक्रेटरी बदलला की नवा सेक्रेटरी ओळख दाखवत नाही. आणि 2027 च्या सिंहस्थात घरी पाहुणे उतरणार असतील तर परत यायची तारीख त्याच्या आधीची धरा, किंवा मग चावी कुणाकडे ते आत्ताच सगळ्या नातेवाईकांना सांगून टाका.

हयातीचा दाखला! नोटांच्या प्रेसवाले, एचएएलच्या विमान कारखान्यातले, शिक्षक, सगळ्यांना लागू. नोव्हेंबर महिन्यात तुम्ही बाहेर असणार तर जीवन प्रमाणचं फेस ऑथेंटिकेशन मोबाईलवर जायच्या आधीच करायला शिका, तिकडून नाही जमलं तर भारतीय दूतावासातून होतो, पण आपल्या बँकेला काय चालतं ते आधी विचारा. ओटीपीसाठी इकडचं सिम चालू पाहिजे, रोमिंग सुरू करून, कमीत कमी रिचार्जवर. 182 दिवसांच्या वर बाहेर राहणार असाल तर टॅक्सचं स्टेटस बदलू शकतं, सीएला एक फोन करा.

सामान भरताना प्लास्टिकच्या पिशव्या अजिबात नको, केनियात ऑगस्ट 2017 पासून बंदी आहे, तेव्हा काळा मसाला आणि मेतकूट डब्यात किंवा कापडी पिशवीत. कुकरच्या शिट्ट्या आणि रिंगा मात्र न्या, ह्या एका गोष्टीसाठी माझी बायको आजही मला दुवा देते. डाळ, तांदूळ, आटा न्यायची गरज नाही, नैरोबीच्या पार्कलँड्स भागात सगळं मिळतं, तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले गुजराती आणि पंजाबी लोक आहेत. चपाती तर तिकडचे लोकही खातात आणि नाचणीची पेज घरोघरी असते. प्लग ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी तीन पिनांचे.

पहिले दोन आठवडे कामाला हात लावू नका, निदान अर्धाच दिवस करा. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,800 मीटरवर आहे, नाशिकच्या जवळपास तिप्पट उंची, दोन जिने चढलं की धाप लागते आणि माणूस घाबरतो. जून ते ऑगस्ट स्वेटर लागतो, आफ्रिका म्हणजे ऊन असं समजून लोक सुती शर्टावर येतात. पैसे एम-पेसावर, म्हणजे मोबाईलवरच्या पैशांच्या खात्यावर, चालतात, भाजीवालीपासून डॉक्टरपर्यंत, पासपोर्टवर सिम घेऊन ते लगेच सुरू करा. वीज बऱ्याच घरांत प्रीपेड असते, पैसे भरले की 20 आकडी नंबर येतो तो मीटरवर दाबायचा, चष्मा लावून सावकाश. अंधार पडायच्या आत घरी, रस्त्यात मोबाईल हातात धरून चालायचं नाही.

आता खरा मुद्दा, म्हणजे रोजचा दिवस. इथे नाशिकला तुम्ही दोघं चोवीस तास एकत्र नसता, तुमचा कट्टा असतो, तिची भिशी असते, शेजारीण असते, दूधवाला असतो. तिकडे दोन खोल्या आणि समोर फक्त एकमेकांचं तोंड. वरच्या जोडप्याचा दिवस मी बघायचो: सकाळी दोघं एकत्र वाचन करायचे, नाश्ता, मग नेमप्लेटी लावून बाहेर. पण काम मात्र वेगवेगळं, तो तरण्या मिशनरी पोरांच्या फ्लॅटची भाडी, गळके नळ, पाण्याचे फिल्टर असलं बघायचा, ती आजारी पोरांना दवाखान्यात न्यायची आणि ऑफिसचे कागद. जेवायला परत एकत्र. रविवारी चर्च, आणि आठवड्यातला एक दिवस कपडे, बाजार, केस कापणं, घरी फोन, त्या दिवशी इतर काम नाही म्हणजे नाही.

हे जसंच्या तसं उचला. दोघांना वेगळी कामं मागून घ्या, शक्यतो वेगळ्या खोलीत आणि वेगळ्या साहेबाच्या हाताखाली. आमच्या इथे सुरुवातीला दोघांना एकाच टेबलावर बसवत होते, हिने पहिल्या दिवशीच स्टोअर मागून घेतलं आणि त्यानेच वर्ष निभावलं असं मला वाटतं. संध्याकाळी मग बोलायला काहीतरी असतं, तुझ्याकडे आज काय झालं, माझ्याकडे काय झालं. आणि स्वयंपाक वाटून घ्या, तिला तिकडे पण सकाळ-संध्याकाळ पोळ्या लाटायला लावणार असाल तर ती सेवा फक्त तुमची झाली, तिची बदली झाली नुसती.

घरी फोन ठरलेल्या वेळीच करा. नैरोबी आपल्या अडीच तास मागे आहे, नाशिकला रात्रीचे आठ तेव्हा तिकडे साडेपाच, सोयीचं आहे. पण रोज फोन नको, रोज फोन केला की सुनेच्या घरात काय शिजलं इथपर्यंत सगळं कळतं आणि मन तिकडेच राहतं. आठवड्यातून एकदा निवांत. मुलांनाही सांगून ठेवा की मेसेजला लगेच उत्तर आलं नाही म्हणजे आई-बाबा आजारी नाहीत, कामावर आहेत.

पाहुणे घरी बोलवा, एकटं पडायचं नसेल तर हाच मार्ग. मॉर्मन जोडपं आमच्याकडे आलं तेव्हा पंचाईत झाली कारण ते चहा-कॉफी घेत नाहीत, दारू-तंबाखू पण नाही, 1833 पासूनचा त्यांचा नियम आहे. चहाशिवाय पाहुण्याला काय द्यायचं हा नाशिकच्या बाईला पडलेला मोठाच प्रश्न, पण लिंबू सरबत आणि पोहे चालले, आणि गवती चहा-आल्याचा काढा पण चालला कारण त्यात चहाची पावडर नसते. त्यांच्याकडे दर आठवड्याला पाच-सहा तरणी पोरं जेवायला असायची, घरापासून लांब असलेली, आम्ही पण दवाखान्यातल्या शिकाऊ नर्सेसना महिन्यातून एकदा खिचडी-पापड सुरू केलं.

तसं नाशिकहून तिकडे कामाला जाणं नवीन नाही बरं का. शरणपूरच्या मिशनमध्ये गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकायला होती, त्यातले काही जण 1860-70 च्या दशकांत मोंबासाजवळ राबाई आणि फ्रीअरटाऊनला जाऊन शिक्षक, प्रचारक झाले. तिथलाच जेकब वेनराइट, आफ्रिकेत फिरलेला प्रसिद्ध संशोधक लिव्हिंगस्टन याच्या शवपेटीबरोबर 1874 मध्ये लंडनला गेला. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो, मला हे केनियात गेल्यावर कळलं.

शेवटच्या महिन्यात नवीन काम घेऊ नका, आपलं काम ज्याच्या हातात जाणार त्याला शेजारी बसवून शिकवा आणि वहीत लिहून ठेवा. कुकर, मिक्सर, स्वेटर तिथेच देऊन टाका. एम-पेसात शिल्लक ठेवू नका, परमिट संपायच्या तारखेआधी निघा, आणि यलो फिवरचं कार्ड मोठ्या बॅगेत टाकू नका, मुंबईला सामान मिळायच्या आधीच ते दाखवायचं असतं.