वेष्टन कंपनीचं, मग खर्चही कंपनीचा: गावाने प्लास्टिकचा हिशेब कसा ठेवावा

गुहागर तालुक्यातल्या आमच्या किनाऱ्यावरच्या गावात सुका कचरा गोळा करायचं काम बचतगटाच्या आम्ही बायका करतो. ग्रामपंचायतीने जांभ्याच्या भिंतींची, वर पत्रा घातलेली शेड दिली आहे. शेजारच्या गावांतल्या बायका भेटल्या की एकच विचारतात: "ताई, प्लास्टिकचे पैसे आता कंपन्यांना भरावे लागतात म्हणे. मग ते आपल्याला कुठे मिळतात?" त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी पैसा कसा फिरतो ते समजून घ्या. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ चे. त्यांत १६ फेब्रुवारी २०२२ ला दुरुस्ती झाली आणि वेष्टनं बाजारात आणणाऱ्या उत्पादक, आयातदार आणि ब्रँड मालकांवर टक्केवारीने जबाबदारी आली. २०२१-२२ साठी २५ टक्के, पुढच्या वर्षी ७० आणि २०२३-२४ पासून १०० टक्के. याला विस्तारित उत्पादक उत्तरदायित्व म्हणतात, बोलताना सगळे ईपीआरच म्हणतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर कंपनीने नोंदणी करायची आणि आपल्या वाट्याचं प्लास्टिक मार्गी लागल्याची प्रमाणपत्रं दाखवायची. तेवढी नसतील तर पर्यावरण भरपाई बसते. भरपाई भरली म्हणून जबाबदारी मिटत नाही, राहिलेला आकडा पुढे ओढला जातो.

आता मुद्द्याचं. हे प्रमाणपत्र तयार होतं ते नोंदणीकृत प्रक्रिया करणाऱ्याकडे, म्हणजे पुनर्वापराच्या कारखान्यात. कंपनी ते त्याच्याकडून विकत घेते. समुद्रकिनाऱ्यावरून वाकून बाटली उचलणारी बाई, ती साठवणारी ग्रामपंचायत, ती ट्रकमध्ये चढवणारा हमाल, यांचं नाव त्या प्रमाणपत्रावर कुठेही नसतं. अमेरिकेत मेन नावाच्या राज्याने २०२१ मध्ये वेष्टनांसाठी असा कायदा केला, तिथलं ते पहिलंच राज्य. तिथे कंपन्यांकडून जमा झालेल्या पैशातून गावांना त्यांच्या पुनर्वापराच्या खर्चाची भरपाई द्यायची, अशी रचनाच कायद्यात आहे. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या खात्यात आपोआप काही येत नाही. कंपनीने स्थानिक संस्थेची मदत घेतली तर अटी दोघांनी ठरवायच्या, एवढीच सोय आहे. म्हणून आपल्या मालात त्या प्रमाणपत्राचीही किंमत आहे हे ओळखून भाव मागायचा, आणि त्यासाठी कागद आपल्याकडे हवा. पुढचं सगळं त्या कागदासाठी आहे.

आपल्या राज्याचा कायदा वेगळा. २३ मार्च २०१८ ची प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी घालणारी अधिसूचना २००६ च्या अविघटनशील कचरा अधिनियमाखाली निघाली. दंड ५,०००, मग १०,०००, आणि तिसऱ्यांदा २५,००० रुपये व तीन महिने कैद, हे लोकांच्या लक्षात राहिलं. दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे परताव्याची किंमत छापायची अट त्यातच होती, ती मात्र विसरली गेली. ग्रामसभेत दुधाच्या पिशव्यांचा विषय काढाल तेव्हा ही अट वाचून दाखवा.

शेडमध्ये ढीग कसे करावेत

भंगारवाल्याच्या सवयीने ढीग करू नका, केंद्राच्या नियमातल्या वर्गांप्रमाणे करा. पहिला वर्ग कडक प्लास्टिकचा: पाण्याच्या बाटल्या, तेलाचे कॅन, शांपूच्या बाटल्या, डबे. दुसरा मऊ प्लास्टिकचा: दुधाच्या पिशव्या, पारदर्शक पाऊच, कॅरीबॅग. तिसरा अशा वेष्टनांचा, ज्यात प्लास्टिकच्या थराबरोबर कागद किंवा ॲल्युमिनियमसारखा दुसरा थर असतो. फ्रुटीचे खोके त्यातले. प्रमाणपत्र वर्गवार निघतं आणि एका वर्गाचं दुसऱ्याला चालत नाही, त्यामुळे मिसळलेला माल आला की कारखानदार हात आखडतो.

पहिल्या ढिगात बाटल्या आणि कॅन परत वेगळे करा. बुडाशी त्रिकोणात आकडा असतो. १ म्हणजे पाण्याची बाटली ज्याची असते ते पेट, २ म्हणजे कॅनचं जाड प्लास्टिक, ५ म्हणजे डब्यांचं. बाटलीचं बूच बाटलीच्या जातीचं नसतं, ते काढून वेगळ्या पोत्यात. बाटली तुडवून चपटी करा, नाहीतर ट्रकमधून हवाच जाते.

तुटक्या खुर्च्या, बादल्या आणि किनाऱ्यावर येणारी नायलॉनची जाळी या ढिगांत टाकू नका. ती वेष्टनं नव्हेत, या हिशेबात धरली जात नाहीत. त्यांचं गिऱ्हाईक वेगळं.

दुधाच्या पिशवीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण घरोघर रोज येणारी ही एकच वस्तू. कात्रीने कोपरा कापला की तो नखाएवढा तुकडा मोरीतून गटारात, गटारातून पऱ्ह्यात आणि पुढे खाडीत जातो. तो कोणाच्याच हाती लागत नाही. आम्ही घरोघर दाखवून देतो: कोपऱ्याला आडवी चीर द्यायची, तुकडा पिशवीलाच लोंबत राहिला पाहिजे. दूध ओतलं की थोडं पाणी घालून खळबळून ते पाणी झाडाला. मग पिशवी उलटी करून दोरीला चिमट्याने लावायची. उन्हाळ्यात तासाभरात वाळते. पावसाळ्यात मात्र पडवीतल्या दोरीवर चार दिवस ओलीच राहते, आतले दोन पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि आंबूस वास सुटतो. तेव्हा चुलीवरच्या माळ्याखाली किंवा फ्रिजच्या मागे तारेवर लावायची, आणि चिकटलेली पिशवी एकदा बोटांनी उघडून परत लावायची. हे बारीक वाटेल, पण कारखान्यात ओल्या मालाला घट धरतात, म्हणजे वजन कापतात. ती घट किती हे कारखानदारच ठरवतो, आणि ती तुमच्या पैशातून जाते.

शेडमध्येही पोती जमिनीवर ठेवू नका. खाली फळ्या किंवा बांबूचा माच हवा. आपल्याकडे जुलैत जांभा भिंतीतून घाम सोडतो, तेव्हा पोती भिंतीपासून हातभर लांब.

गिऱ्हाईक शोधताना

पोर्टलवर नोंदणीकृत प्रक्रिया करणाऱ्यांची नावं दिसतात. नाव आणि नोंदणी क्रमांक तिथे जुळवून घ्या, नुसत्या व्हिजिटिंग कार्डवर जाऊ नका. २०२३ मध्ये केंद्रीय मंडळाच्या तपासणीत सुमारे ६ लाख बनावट प्रमाणपत्रं उघडकीला आली होती. प्रत्यक्षात न आलेल्या प्लास्टिकची प्रमाणपत्रं विकली गेली. यामुळेच खरा माल आणि त्याचे खरे कागद देणाऱ्या गावाची पत वाढली आहे. प्रामाणिक कारखानदाराला तुमची काटा पावती, म्हणजे वजनकाट्यावरची पावती, त्याच्या फायलीत हवी असते. बोलणी करताना हे मनात ठेवा, गरजू फक्त आपणच नाही.

करार साध्या स्टँपपेपरवर होतो, पण त्यात काही गोष्टी आल्याच पाहिजेत. भाव वर्गवार लिहा. भाडं कोण भरणार ते लिहा, कारण चिपळूणवरून कुंभार्ली घाट चढून कराडकडे माल न्यायचा तर हलक्या प्लास्टिकला भाड्यातच सगळं जातं. वजन गावाजवळच्या काट्यावर आणि कारखान्यात असं दोनदा होईल, ओलाव्याची घट ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त नसेल, आणि प्रत्येक खेपेची पोच मिळेल. पोचवर तारीख, गाडी नंबर, वर्गवार वजन आणि कारखान्याचा ईपीआर नोंदणी क्रमांक हवा.

आणि सगळ्यात महत्त्वाची अट: बाटल्या हव्या असतील तर पाकिटंही न्यावी लागतील. बाटल्या आणि कॅन कोणीही उचलतो, आमचा भंगारवालाही दारातून नेतो. वेफर्सची, बिस्किटांची, गुटख्याची पाकिटं मागे राहतात आणि कोणीतरी ती होळीच्या माळावर पेटवतं. ज्यांचा पुनर्वापर होत नाही ती सिमेंटच्या भट्टीत किंवा रस्त्याच्या डांबरात वापरायची तरतूद नियमात आहे, आणि त्याचाही हिशेब कंपन्यांच्या नावे लागतो. वेंगुर्ला नगरपरिषदेने रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना कचरा डेपोवर बारीक वर्गीकरण करून प्लास्टिक रस्त्यात वापरून दाखवलं आहे. जमलं तर एकदा बघून या.

एका गावाचा माल ट्रकभर होत नाही. पाच-सहा ग्रामपंचायतींनी एकत्र ठराव करावा. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याला एक प्लास्टिक व्यवस्थापन केंद्र आणि त्यासाठी १६ लाख रुपयांपर्यंत तरतूद आहे. पंचायत समितीत जाऊन आपल्या तालुक्याचं केंद्र कुठे आहे, गठ्ठे बांधायचं मशीन चालू आहे का, हे लेखी विचारा. गठ्ठे झाले की भाडं बरंच कमी होतं.

गावातल्या छोट्या उद्योगांना

कोकम सरबत, आंबापोळी, काजू पाऊचमध्ये भरून विकणाऱ्या आमच्याच बायका या कायद्याला घाबरतात. ब्रँड मालकाची जबाबदारी सूक्ष्म आणि लघु उद्योगांवर टाकलेली नाही. १ एप्रिल २०२५ पासून १० कोटींपर्यंत उलाढाल आणि अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक असलेला उद्योग सूक्ष्म धरतात, म्हणजे आपण सगळ्याच त्यात बसतो. उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र तेवढं जवळ ठेवा आणि पाऊच पक्क्या बिलावरच घ्या. परदेशातून पाऊच मागवत असाल तर गोष्ट वेगळी, आयातदाराचे नियम लागतात.

कंपनीला पत्र

मे महिन्यात पर्यटक आणि गणपतीत चाकरमानी येतात तेव्हा एका आठवड्याचा पाकिटांचा ढीग वेगळा ठेवा आणि कंपनीप्रमाणे मोजा. सगळ्यात जास्त ज्यांची निघतील त्या दोन-तीन कंपन्यांची पाकिटं उलटी करून वाचा. नाव, पत्ता, ग्राहक सेवेचा ईमेल आणि बहुतेकांवर ईपीआर नोंदणी क्रमांक छापलेला असतो. जुलै २०२५ पासून ही माहिती बारकोड किंवा क्यूआर कोडमधूनही देता येते, तेव्हा मोबाइलने स्कॅन करून बघा.

ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर, ठराव क्रमांक घालून लिहा: आमच्या गावात आठवड्यात तुमच्या वेष्टनांचं इतकं वजन निघालं, गोळा करण्याची मजुरी आणि वाहतूक मिळून महिन्याचा खर्च इतका, या भागासाठी तुमची संकलनाची व्यवस्था कोणती आणि आमच्या खर्चात तुमचा वाटा किती. भाषा सौम्य ठेवा, आकडे पक्के ठेवा. सोबत काटा पावत्यांच्या झेरॉक्स आणि ढिगाचे फोटो. एक प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आपल्या भागाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला, एक गटविकास अधिकाऱ्यांना. कार्यालयातल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या, कंपनीचं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती ठरावाच्या वहीत चिकटवा. महिनाभरात उत्तर आलं नाही तर त्याच पत्राचा संदर्भ देऊन नव्या आकड्यांसह दुसरं पत्र टाका.