रेल्वे प्रवाशांची सूचना-सेवा: सूचना कशी लिहावी, तपासावी आणि कधी बंद करावी

गाडी खोळंबली की अधिकृत उद्घोषणा उशिरा होते, याचे कारण दर वेळी हलगर्जीपणाच असते असे नाही. नियंत्रण कक्षाला आधी बिघाडाचे स्वरूप समजून घ्यावे लागते, मागच्या गाड्यांचे काय करायचे ते ठरवावे लागते आणि मगच प्रवाशांना काही सांगता येते. रुळांवर उभ्या असलेल्या गाडीतील प्रवाशाला मात्र आपण थांबलो आहोत एवढे पहिल्याच मिनिटाला कळलेले असते. ही माहिती अजून घरातून न निघालेल्या प्रवाशापर्यंत पोहोचवणे, एवढेच प्रवाशांनीच चालवलेल्या सूचना-सेवेचे काम आहे.

सुरुवात एकाच मार्गापासून करावी. साऱ्या मार्गांसाठी मेसेजिंग ॲपवर एकच गट काढला, तर स्वतःशी संबंध नसलेल्या सूचनांना कंटाळून लोक तो म्यूट करतात आणि नेमक्या खोळंब्याच्या दिवशी सूचना कोणी पाहत नाही. सूचना देण्याची जागा आणि वाचण्याची जागाही वेगळी असावी: प्रवाशांनी गटात कळवावे, गटाच्या दोन-तीन संचालकांनी (ॲडमिननी) पडताळावे आणि फक्त पडताळलेला मजकूर चॅनेलवर टाकावा. 'सुप्रभात'चे संदेश आपोआप बाहेर राहतात, हा आणखी एक फायदा.

सूचनेत वेळ, मार्ग, दिशा, ठिकाण आणि प्रत्यक्ष दिसलेली गोष्ट एवढे यावे. उदाहरणार्थ: "८.१२, जलद मार्ग, शहराकडे, खाडीपुलाच्या अलीकडे, १० मिनिटे उभी." यात वेळ सर्वांत महत्त्वाची. बोगद्यात लिहिलेला संदेश नेटवर्क मिळाल्यावरच सुटतो. त्यात नुसते "आत्ता" लिहिलेले असेल, तर वाचणाऱ्याची हमखास दिशाभूल होते. फोनवरून लोकेशन पाठवले म्हणजे भागले, असेही समजू नये. मोकळ्या आकाशाखालीही फोनच्या जीपीएसमध्ये साधारण ५ मीटरचा फरक पडू शकतो आणि शेजारच्या दोन रुळमार्गांमधले अंतरही जवळपास तेवढेच असते. त्यामुळे गाडी जलद मार्गावर आहे की धीम्या, हे शब्दांतच सांगावे लागते. सूचना एसएमएसनेही पाठवायच्या असतील, तर देवनागरीत एका संदेशात ७० अक्षरचिन्हेच मावतात (रोमन लिपीत १६०) आणि काना, मात्रा, वेलांटीही त्यात स्वतंत्रपणे मोजली जाते, हे ध्यानात ठेवून नमस्कार-चमत्कार वगळावेत.

कारण लिहिण्याचा मोह आवरावा. "सिग्नल बिघाड" हा बहुतेक वेळा डब्यातला अंदाज असतो. त्याऐवजी खूण लिहावी: पंखे बंद पडून मोजकेच दिवे उरले असतील, तर तेवढेच कळवावे, वीजपुरवठ्याचा संशय घ्यायचा की नाही ते संचालक इतर सूचनांशी ताडून ठरवतील. रुळांवर कोणी जखमी झाल्याचे कळले, तर छायाचित्र किंवा वर्णन मुळीच पाठवू नये. त्या व्यक्तीचे नातेवाईकही वाचकांत असू शकतात.

पडताळणी करताना सूचनांची संख्या पाहू नये, त्या वेगवेगळ्या जागांहून आल्या आहेत का ते पाहावे. एकाच डब्यातल्या पाच जणांनी कळवले, तरी तो एकच साक्षीदार धरावा. मागच्या गाडीतून आलेली सूचना त्याहून मोलाची असते. सिग्नल यंत्रणेत सर्वसाधारणपणे रुळमार्गाच्या एका खंडात एका वेळी एकच गाडी सोडली जाते, त्यामुळे पुढची गाडी अडली की त्याच मार्गावरची मागची गाडीही लवकरच थांबते. शेजारच्या मार्गावरून गाड्या जात असतील, तर तेही विचारून घ्यावे आणि चॅनेलवर आवर्जून लिहावे. घरून निघणाऱ्याला खरे तर तेच हवे असते.

पुढे सेवेला प्रोग्रामरची साथ मिळाली, तर गुगलने २०११ मध्ये खुले केलेले जीटीएफएस-रिअलटाइम हे सार्वजनिक वाहतुकीची ताजी माहिती ठरावीक साच्यात देण्याचे स्वरूप वापरावे. त्यात प्रत्येक सूचनेसाठी लागू कालावधी, बाधित मार्ग किंवा स्थानक, कारण आणि परिणाम यांचे वेगवेगळे रकाने आहेत आणि कारण अज्ञात असल्याचीही सोय आहे.

बहुतेक गट ढिले पडतात ते सूचना बंद करण्याच्या बाबतीत. खोळंबा कळवायला सगळे उत्सुक असतात, गाडी सुटल्यावर मात्र जो तो कामाला लागतो. म्हणून प्रत्येक सूचनेला मुदत ठरवून द्यावी, समजा २० मिनिटे, आणि तेवढ्यात दुजोरा आला नाही तर तिच्यावर "जुनी माहिती" असा शेरा मारावा. गाडी हलली म्हणून लगेच "वाहतूक सुरळीत" असेही लिहू नये. खोळंब्यानंतरच्या पहिल्या गाडीसाठी फलाटावर जास्त गर्दी साचलेली असते, चढ-उताराला प्रत्येक स्थानकावर वेळ लागतो, ती आणखी मागे पडते आणि तिच्या पाठोपाठ येणारी गाडी त्या मानाने रिकामी धावते. तेव्हा आधी "गाडी सुटली" एवढेच कळवावे, मागची गाडी किती अंतराने आहे ते जमल्यास जोडावे, आणि लागोपाठच्या दोन-तीन गाड्या वेळेवर गेल्याचे वेगवेगळ्या स्थानकांवरून कळल्यानंतरच सूचना मागे घ्यावी.