कोल्हापुरात घर नाहीतर दुकान असेल तर पुराचा विमा मे महिन्यातच काढून ठेवा

२००५, २०१९, २०२१, तीन मोठे महापूर बघितलेत आपण, तरी अजून लै जण "आमच्या गल्लीत पाणी येत नाही" म्हणून निवांत बसलेत. २०१९ ला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, धोका पातळी ४३ ची, आणि कधी पाणी न बघितलेल्या घरांत पण तळमजले बुडाले. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा झाला की घाटात पाऊस लागून राहतो, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडतात, पंचगंगेला फुग येते (पाणी मागं तुंबतं) आणि पाणी जयंती नाल्यातनं उलटं शहरात शिरतं, म्हणजे आपल्याकडं पाऊस उघडला तरी पाणी चढतच असतंय.

घरासाठी 'भारत गृह रक्षा' पॉलिसी मागा, १ एप्रिल २०२१ पासून आहे, आगीबरोबर पूर पण त्यातच येतो. रक्कम ठरवताना जागेची किंमत धरू नका, घर परत बांधायला किती लागेल ते धरा. बांधकामाचा विमा काढला की त्याच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, सामानाला आपोआप मिळतात, सामान त्यापेक्षा जास्तीचं असेल तर यादी द्या. दागिन्यांचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. भाड्यानं राहणाऱ्यांनी नुसत्या सामानाची काढली तरी चालते. होमलोनबरोबर बँकेनं गळ्यात घातलेली पॉलिसी एकदा काढून वाचा, त्यात फ्रीज-कपाट धरलंय का नुसत्या भिंती ते कळेल.

शाहूपुरी, लक्ष्मीपुरीतल्या दुकानदारांनी दुकान आणि माल मिळून किंमत ५ कोटीपर्यंत असेल तर 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसी बघावी. गोडाऊन दुसरीकडं असेल तर त्याचा पत्ता पॉलिसीत पाहिजेच. खरेदीची बिलं मोबाईलवर फोटो काढून स्वतःला मेल करून ठेवा, कारण वह्या पहिल्या भिजतात.

गाडीचं मात्र नीट ऐका. नुसत्या थर्ड पार्टीवर (म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा) पुराचा एक रुपया मिळत नाही. फुल इन्शुरन्स असला तरी पाण्यात उभ्या गाडीला सेल मारला की पाणी सिलेंडरमध्ये जाऊन इंजिन जाम होतं, आणि इंजिन प्रोटेक्ट हे इंजिनाचं जादा कव्हर घेतलं नसेल तर तो खर्च बहुतेक वेळा नाकारतात. म्हणून पाणी उतरलं तरी सेल मारू नका, बॅटरीची वायर काढा आणि टोइंग करून न्या.

पाणी ओसरल्यावर आपण आधी काय करतो, तर झाडू घेऊन गाळ काढायला लागतो, आणि पुरावाच धुऊन टाकतो. आधी कंपनीला कळवा, क्लेम नंबर घ्या. मग भिंतीवरची गाळाची रेघ, तिच्याशेजारी टेप धरून, प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, फ्रीज-वॉशिंग मशीनच्या मागचा सिरीयल नंबर, सगळं घ्या. नुकसान तपासणारा सर्व्हेअर येईपर्यंत खराब वस्तू भंगारात देऊ नका. तलाठ्यानं केलेल्या पंचनाम्याची कॉपी पण मागून घ्या, क्लेमला जोडता येते.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा, आधी कंपनीकडं तक्रार करा, तिथं ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालांकडं जा, तिथं फी लागत नाही, वकील पण लागत नाही.