मॉनमथ जंक्शनमध्ये नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी

न्यू जर्सीत रूट १ च्या कडेला असलेल्या मॉनमथ जंक्शनमध्ये दर उन्हाळ्यात नवी मराठी कुटुंबे राहायला येतात, आणि वीस वर्षांपूर्वी मी जिथे जिथे ठेचकाळलो तिथेच तीही ठेचकाळताना दिसतात. यातल्या बऱ्याच ठेचांचे मूळ एकच आहे. मॉनमथ जंक्शन हे एक गाव आहे, असे आपण सारे गृहीत धरून येतो. प्रत्यक्षात या नावाची नगरपालिका अस्तित्वात नाही, महापौर नाही आणि स्वतंत्र शाळा विभागही नाही. हे एका वस्तीचे आणि ०८८५२ या झिप कोडच्या टपाल कार्यालयाचे नाव आहे. कोकणात पत्त्यावर वाडीचे नाव लिहितात, पण दाखला आणायला ज्या गावात ती वाडी मोडते त्याच्या ग्रामपंचायतीत जावे लागते, तसाच हा प्रकार आहे. इथली ग्रामपंचायत म्हणजे साउथ ब्रन्सविक टाउनशिप. ती १७९८ सालापासून आहे, तिची लोकसंख्या सुमारे ४७ हजार आहे आणि केंडल पार्क, डेटन, डीन्स अशा वस्त्याही तिच्यातच येतात. पोलीस, शाळा, ग्रंथालय, घरपट्टी, बांधकामाची परवानगी हे सारे तिच्याकडे.

नावामुळे आणखी एक घोटाळा होतो. न्यू जर्सीत मॉनमथ नावाची काउंटीही (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) आहे, पण आपण तिच्यात राहत नाही; आपली काउंटी मिडलसेक्स आहे. पूर्वी पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या मुख्य मार्गाला फ्रीहोल्डकडचा आणि रॉकी हिलचा असे दोन फाटे इथे मिळत, म्हणून हे जंक्शन. आज इथून रोज गाड्या धडधडत जातात, पण एकही थांबत नाही. स्टेशनाजवळ घर मिळाले म्हणून आनंदित झालेले एक जोडपे मला माहीत आहे. न्यूयॉर्कला नोकरी असेल तर प्रिन्स्टन जंक्शन किंवा न्यू ब्रन्सविकचे जर्सी अव्हेन्यू स्टेशन गाठावे लागते. प्रिन्स्टन जंक्शनच्या वाहनतळातील काही जागा केवळ ते स्टेशन ज्या टाउनशिपमध्ये आहे त्या वेस्ट विंडसरच्या रहिवाशांना मिळतात, तेव्हा घर घेण्याआधी गाडी कुठे उभी करणार याची चौकशी करावी.

आता माझी सर्वांत महागात पडलेली चूक सांगतो, आणि ती वाचूनही कोणी पुन्हा केली तर मला खरोखर वाईट वाटेल. अमेरिकेत टपालाचा पत्ता टाउनशिपच्या हद्दी पाळत नाही. प्रिन्स्टनचा ०८५४० हा झिप कोड साउथ ब्रन्सविकच्या काही भागातही चालतो आणि इतर शेजारी टाउनशिपांतही. मी पहिल्यांदा घर भाड्याने घेतले तेव्हा जाहिरातीत, करारावर, इतकेच काय विजेच्या बिलावरही ‘प्रिन्स्टन’ असे छापलेले होते. मुलगी पहिलीत जाणार होती, प्रिन्स्टनच्या शाळेसाठी आम्ही महिन्याला दोनशे डॉलर जास्त भाडे कबूल केले, आणि घर दाखवणाऱ्या एजंटाने आमचा समज दुरुस्त करण्याची तसदी घेतली नाही. ऑगस्टमध्ये कागदपत्रांची फाइल घेऊन प्रिन्स्टनच्या शाळा कार्यालयात गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी पत्ता संगणकात घालून शांतपणे सांगितले, की तुम्ही आमच्या टाउनमध्येच काय, आमच्या काउंटीतही राहत नाही. प्रिन्स्टन मर्सर काउंटीत आहे. साउथ ब्रन्सविकच्या शाळा उत्तम आहेत, मुलगी तिथेच शिकली आणि तिचे काही बिघडले नाही. पण नसलेल्या प्रिन्स्टनसाठी वर्षभर भरलेले चोवीसशे डॉलर गेले ते गेलेच.

म्हणून करारावर सही करण्याआधी घराचा संपूर्ण पत्ता घेऊन, घर क्रमांकासह, ज्या टाउनच्या शाळा हव्या आहेत तिथल्या शाळा कार्यालयाला फोन करा आणि हा पत्ता तुमच्या हद्दीत येतो का, असे स्पष्ट विचारा. एजंटाचे ऐकू नका, नकाशावरच्या नावावर जाऊ नका, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ज्या सद्गृहस्थाने ‘तो सगळा प्रिन्स्टनच आहे’ असे लिहिले असेल त्याचे तर मुळीच ऐकू नका. आपल्या मंडळींत पुण्याच्या नातेवाइकांना ‘आम्ही प्रिन्स्टनला असतो’ असे सांगण्याची हौस फार, आणि त्या हौसेपायी नवागतांची दिशाभूल होते. अनामत रक्कम दीड महिन्याच्या भाड्याहून जास्त मागितली तर ती या राज्याच्या कायद्यात बसत नाही, हेही लक्षात असू द्या.

रूट १ वर गाडी चालवताना पहिले काही महिने जगहँडलने जीव मेटाकुटीला येतो. डावीकडे वळायचे असेल तर डाव्या लेनमध्ये जायचे, हे इतर राज्यांतून आलेल्यांच्या अंगवळणी पडलेले असते. इथे बहुतेक चौकांत डावीकडे वळण्यासाठी उजव्या बाजूने बाहेर पडावे लागते, कपाच्या कानासारख्या वळणावरून फिरून आडव्या रस्त्यावर यावे लागते आणि मग सिग्नलला रूट १ ओलांडावा लागतो. सर्व वळणे उजव्या लेनमधून, अशी पाटी असते, पण ती वाचेपर्यंत चौक मागे पडलेला असतो. चुकलात तर शेवटच्या क्षणी तीन लेन कापू नका. सरळ पुढे जा आणि पुढच्या चौकात फिरून या. शाळेची बस लाल दिवे लावून उभी राहिली की किमान पंचवीस फूट मागे थांबायचे, ती समोरून आलेली असली तरीही. मध्ये दुभाजक असेल तर मात्र समोरच्या बाजूच्या गाड्यांनी ताशी दहा मैलांच्या वेगाने जायचे असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी हरणे रस्त्यावर येतात, आणि एक गेले की मागे दुसरे असतेच. पेट्रोल मात्र स्वतः भरू नका. १९४९ पासून या राज्यात ते काम पंपावरच्या माणसाचे आहे.

गाडीविना इथे राहता येत नाही, एवढेच सांगतो. फुटपाथ मध्येच संपतात.

किराण्याची चिंता नको. पूर्वी कढीपत्त्यासाठीही एडिसन-आयझेलिनचा ओक ट्री रोड गाठावा लागे. आता तिथे सणाची खरेदी असेल तरच जावे, कारण शनिवारी गाडी लावायला जागा मिळत नाही आणि तिथल्या गर्दीत आपले लोक रांगेचे सारे संस्कार विसरतात. रूट २७ वरचे दुर्गा मंदिर जवळ आहे, बालाजीसाठी ब्रिजवॉटरला आणि स्वामिनारायण अक्षरधामसाठी रॉबिन्सव्हिलला जातात. गणपती आणि दिवाळीला ‘मराठी विश्व’ या इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना जरूर जा, पण सगळी ओळख तिथेच करून थांबू नका. दहा वर्षे एका भिंतीपलीकडे राहून शेजाऱ्याचे नाव ठाऊक नसलेली मराठी घरे मी पाहिली आहेत, आणि त्याच घरांतून ‘इथले लोक फार तुटक असतात’ अशी तक्रार ऐकली आहे.

इथले अग्निशमन दल स्वयंसेवकांचे आहे. मागून निळा दिवा लावलेली साधी खासगी गाडी आली तर ती कुणातरी शेजाऱ्याची असते, जेवणावरून उठून आग विझवायला निघालेल्या माणसाची. तिला वाट द्यावी. वर्षातून एकदा दलाकडून देणगीचे पत्र येते, ते जाहिरात समजून फेकून देऊ नये.

किंग्स्टन लेनवरील ग्रंथालयाचे कार्ड पहिल्याच आठवड्यात काढा. राहत्या पत्त्याचा पुरावा न्यावा लागतो आणि पैसे लागत नाहीत. घर विकत घेतलेत तर घरपट्टी फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला भरायची असते. ती बहुधा बँकच कर्जाच्या हप्त्यातून भरते, तरी आकडा पाहून ठेवा, छातीत धस्स होईल.

राज्याच्या आयकर विवरणपत्रात काउंटी आणि नगरपालिकेचा चार आकडी क्रमांक विचारतात. यादीत मॉनमथ जंक्शन शोधण्यात मी एकदा अर्धी संध्याकाळ घालवली आहे. ते तिथे नाही. साउथ ब्रन्सविक पाहा, क्रमांक १२२१.