वॉटरपोलो क्लबचा इतिहास कसा लिहावा

महाराष्ट्रातील अनेक जलतरण तलावांवर वॉटरपोलोचे, म्हणजे पोहत पोहत चेंडूने गोल करण्याच्या खेळाचे, संघ पिढ्यानपिढ्या खेळत आले आहेत, पण त्यांतील फार थोड्यांचा इतिहास लिहून ठेवलेला आहे. सुवर्णमहोत्सव जवळ आला की स्मरणिकेची घाई होते, माजी अध्यक्षांची छायाचित्रे गोळा केली जातात, शुभेच्छा संदेश मागवले जातात आणि प्रत्यक्ष खेळाच्या वाट्याला चार पाने येतात. खरा इतिहास लिहायचा असेल तर त्याची सुरुवात पदाधिकाऱ्यांच्या यादीपासून नव्हे, तर तलावापासून करावी. वॉटरपोलोचा क्लब बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी पाण्यात वाढलेला असतो. ते पाणी जिमखान्याचे असेल, नगरपालिकेचे, शिक्षणसंस्थेचे, पोलिसांचे किंवा रेल्वेचे असेल, पण त्यामुळे क्लबच्या नोंदीही दुसऱ्याच्या नावाने आणि दुसऱ्याच्या कपाटात सापडतात.

म्हणून पहिला प्रश्न तलाव कोणाचा, हा. पुण्यातील टिळक तलाव डेक्कन जिमखान्याचा आहे. हा जिमखाना १९०६ साली स्थापन झाला आणि १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठवण्याच्या खटपटीत सर दोराबजी टाटांच्या बरोबरीने त्याचा मोठा वाटा होता. अशा बहुक्रीडा संस्थेत वॉटरपोलोचा उल्लेख क्रिकेट-टेनिसच्या मजकुरामागे, वार्षिक अहवालातील जलतरण विभागाच्या एखाद्या परिच्छेदात दडलेला असतो. त्यामुळे अहवाल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचण्याला पर्याय नाही. तलाव महापालिकेचा असेल तर स्थायी समितीचे ठराव, बांधकामाच्या निविदा आणि शुल्कवाढीचे प्रस्ताव पाहावेत. हे कागद सहज मिळाले नाहीत, तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ अन्वये अर्ज करता येतो. मात्र ‘तलावाविषयीची सर्व माहिती’ असे मोघम न मागता वर्ष, विभाग आणि कागदाचा प्रकार नेमका लिहावा, म्हणजे उत्तरही नेमके येते.

तलावाची लांबी आणि खोली यांची नोंद अवश्य करावी. पुरुषांच्या सामन्यासाठी अनेक दशके ३० मीटरपर्यंतचे मैदान धरले जात असे आणि गोलरक्षकाखेरीज कोणालाही तळाला पाय टेकवून खेळण्याची मुभा नसते. ज्या तलावाची एक बाजू छातीभर पाण्याची आहे, तेथे सराव कसा होत असे, उथळ बाजूचा गोल कोणाच्या वाट्याला येई आणि बाहेरच्या खोल तलावात गेल्यावर त्या संघाची दमछाक होई काय, या गोष्टी त्या क्लबच्या खेळाची शैली समजावून देतात. दिवे कधी लागले, शुद्धीकरण यंत्रणा कधी बसली आणि पाणी उपसण्यासाठी तलाव वर्षातून किती दिवस बंद राहत असे, या तपशिलांवरून सरावाचा हंगाम किती मोठा होता हे कळते.

स्थापना आणि नोंदणी या दोन वेगळ्या तारखा आहेत, याचे भान ठेवावे. चार-सहा पोहणारे एकत्र येऊन खेळू लागतात, पुढे संघाला नाव मिळते, त्यानंतर संस्थेची घटना लिहिली जाते आणि कधीतरी नोंदणी होते. महाराष्ट्रात अशा संस्था बहुधा १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात त्यांचा नोंदणी क्रमांक, विश्वस्तांची नावे आणि वेळोवेळी दाखल झालेले बदल अर्ज पाहायला मिळतात. फलकावर ‘स्थापना’ म्हणून कोणते वर्ष रंगवले आहे यावर विसंबू नये. ते वर्ष पहिल्या सामन्याचे, नोंदणीचे की तलावाच्या उद्घाटनाचे, याचा निवाडा पुराव्यानिशी करावा आणि तिन्ही तारखा उपलब्ध असतील तर तिन्ही द्याव्यात. नावांचेही तसेच. इटलीतील रेक्को या किनाऱ्यावरच्या लहानशा गावाचा जगप्रसिद्ध संघ आज प्रो रेक्को म्हणून ओळखला जातो, पण १९१३ साली तो एनोत्रिया या नावाने सुरू झाला होता. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांनी ते गाव जवळजवळ जमीनदोस्त झाले आणि तरीही १९५९ साली संघाने इटलीचे पहिले विजेतेपद मिळवले. त्या क्लबचा इतिहास गावाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही, आणि केवळ आजच्या नावाने शोधणाऱ्याला त्याची सुरुवातीची वर्षे सापडणारही नाहीत.

यानंतर वृत्तपत्रांकडे वळावे. ‘केसरी’ १८८१ पासूनचा, ‘सकाळ’ १९३२ पासूनचा आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’ १९६२ पासूनचा आहे. त्यांचे जुने अंक मोठ्या ग्रंथालयांतून चाळता येतात. आंतरक्लब स्पर्धांच्या बातम्यांत क्लबचे नाव येते, पण राज्य स्पर्धेच्या बातमीत ते गळून केवळ जिल्हा उरतो आणि राष्ट्रीय स्पर्धेत जिल्हाही जाऊन फक्त राज्याचे नाव राहते. शिवाय १ मे १९६० पूर्वीच्या बातम्यांत केवळ ‘महाराष्ट्र’ शोधून भागणार नाही. तेथे ‘मुंबई’ही शोधावे लागते. क्लबचा जो खेळाडू रेल्वे, सेनादल किंवा पोलीस दलात भरती झाला, त्याची पुढची कामगिरी त्या संघांच्या नावावर जमा झालेली असते. तलावावर सर्व जण ज्याला बंड्या म्हणून ओळखतात, तो बातमीत आद्याक्षरे आणि आडनाव एवढ्याच रूपात भेटतो. त्यामुळे प्रत्येक खेळाडूचे पूर्ण नाव, टोपणनाव आणि छापून आलेली निरनिराळी रूपे यांची स्वतंत्र वही आधीच सुरू करावी. हे कंटाळवाणे काम टाळले तर एकाच माणसाचे दोन खेळाडू होतात, किंवा काका-पुतणे मिळून एक.

छायाचित्रांचा काळ ठरवताना खेळाचे बदलते साहित्य आणि नियम फार उपयोगी पडतात. तलावाच्या काठावर ओळीने उभ्या असलेल्या संघाचे जुने छायाचित्र समोर आहे, असे समजा. आधी चेंडू पाहावा. शिवणीचा चामडी चेंडू पाणी शोषून जड होत असे. जेम्स स्मिथ या अमेरिकी प्रशिक्षकाने १९३६ साली रबरी आवरणाचा चेंडू तयार केला आणि पुढे तोच रूढ झाला. तथापि आपल्याकडे जुने साहित्य फाटेपर्यंत वापरण्याची रीत असल्याने चामडी चेंडू दिसला म्हणून छायाचित्र १९३६च्या आधीचे ठरत नाही. रबरी चेंडू दिसला तर मात्र ते त्यानंतरचे, एवढे निश्चित म्हणता येते. मग टोप्यांवरील क्रमांक, गोलरक्षकाची वेगळ्या रंगाची टोपी, मागच्या भिंतीवर रंगवलेला खोलीचा आकडा, दिव्यांचे खांब आणि उडी मारण्याचा मनोरा यांकडे लक्ष द्यावे. मनोरा कोणत्या वर्षी पाडला हे अहवालात सापडले, तर छायाचित्राची एक सीमा पक्की होते. शेवटी छायाचित्र उलटून मागचा पेन्सिलीचा मजकूर आणि स्टुडिओचा शिक्का पाहावा. मागे लिहिलेले वर्ष पुष्कळदा नंतर आठवणीतून लिहिलेले असते, म्हणून ते इतर खुणांशी ताडून मगच स्वीकारावे.

गुणफलक वाचतानाही नियमांचा काळ ध्यानात असावा. १९४९ पूर्वी पंचांनी शिट्टी वाजवली की खेळाडूंना जागच्या जागी थांबावे लागे; तो नियम बदलल्यानंतर खेळ सलग आणि वेगवान झाला. १९६१ पासून पाच-पाच मिनिटांचे चार भाग आले, पुढे ते सात मिनिटांचे झाले आणि २००५ पासून आठ मिनिटांचे. त्यामुळे जुन्या सामन्यातील ४-३ आणि अलीकडच्या सामन्यातील १३-११ हे आकडे शेजारी ठेवून पूर्वीच्या संघाला गोल करता येत नव्हते असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे.

विजयाचे वर्णन करताना स्पर्धेत किती संघ उतरले होते, हे लिहिण्याचा प्रामाणिकपणा हवा. १९५१ साली दिल्लीत झालेल्या पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताने वॉटरपोलोचे सुवर्णपदक मिळवले, पण त्या स्पर्धेत भारत आणि सिंगापूर असे दोनच संघ होते. ही गोष्ट सांगितल्याने त्या सुवर्णाचे मोल कमी होत नाही. त्याच पिढीने १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चिलीला ७-४ असे हरवले होते, आणि पुढे १९७०च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत रौप्य व १९८२च्या दिल्ली स्पर्धेत कांस्यपदक भारताने मिळवले. आपल्या क्लबचा ‘राज्य विजेता’ संघ तीन संघांत पहिला आला असेल, तर तसे लिहावे. ज्या वर्षी बारा संघांत चौथा आला, ते वर्ष कदाचित अधिक महत्त्वाचे ठरेल.

ज्येष्ठ खेळाडूंच्या मुलाखती कागद पाहून झाल्यावर घ्याव्यात, आधी नव्हे. ‘आठवणी सांगा’ म्हटले की ठरलेले चार किस्से येतात. त्याऐवजी गोलचे सांगाडे कोण उचलून आणत असे, ते कशाने बांधत, सरावाला सकाळची वेळ मिळे की सर्वसामान्यांची शेवटची बॅच संपल्यावरची, शिट्टी कोणाकडे असे, बाहेरगावी जाताना खर्च कोण करी, असे विचारावे. हातात एखादे कात्रण किंवा छायाचित्र दिले की स्मरणाला दिशा मिळते. घरी गेल्यावर प्रमाणपत्रांची फाईल दाखवण्याची विनंती अवश्य करावी. दहावी-बारावीचे वाढीव गुण आणि शासकीय नोकरीतील खेळाडूंचे आरक्षण यांमुळे क्लबने हरवलेली कागदपत्रे खेळाडूंच्या आईवडिलांनी प्लॅस्टिकच्या पाकिटांत जपून ठेवलेली असतात, आणि त्यांवर स्पर्धेचे स्थळ, दिनांक व क्रमांक हे सगळे असते. मुलाखतीचे ध्वनिमुद्रण परवानगी घेऊनच करावे आणि पत्ते, आजारपणे व घरगुती बाबी छापू नयेत.

मुलींच्या संघाला शेवटच्या पानावरील ‘महिला विभाग’ या परिच्छेदात कोंबण्याची जुनी खोड सोडावी. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा वॉटरपोलो १९०० पासून आहे, महिलांचा मात्र २००० सालच्या सिडनी स्पर्धेपासून; परंतु तलावावर मुली त्याआधीपासून खेळत असतील, तर त्यांची नोंद स्पर्धांच्या यादीत नसून महिलांच्या बॅचच्या हजेरीपटात असेल. तेथेच शोधावी.

कागद नसलेल्या वर्षांविषयी कल्पनेने पूल बांधू नयेत. पुण्यात १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठच्या कित्येक घरांतील आणि संस्थांतील कागदपत्रे नेली, आणि मार्च २०२० नंतर करोनामुळे तलाव दीर्घकाळ कोरडे किंवा बंद राहिले. अशा खंडांची कारणे सरळ सांगावीत. क्लब फुटला असेल तर दोन्ही गटांचे म्हणणे त्यांच्या त्यांच्या कागदांवरून मांडावे. तलावात दुर्घटना घडली असेल तर ती वगळू नये, पण कुटुंबीयांना विचारल्याशिवाय नाव देऊ नये.

लेखन सुरू करताना अध्यक्षांच्या कारकिर्दींप्रमाणे प्रकरणे पाडण्याचा मोह होतो, कारण ती यादी तयार असते. त्याऐवजी तलाव, नियम आणि प्रशिक्षक बदलले तसे भाग पाडावेत. अध्यक्षांची यादी परिशिष्टात शोभून दिसते. छपाईपूर्वी मजकूर किमान तीन वेगवेगळ्या पिढ्यांच्या खेळाडूंना वाचायला द्यावा आणि आलेल्या दुरुस्त्या मूळ पुराव्यासह नोंदवून ठेवाव्यात. पुस्तक निघाल्यावर १९५४च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह इतर ठरलेल्या ग्रंथालयांकडे प्रती पाठवाव्यात. गोळा झालेल्या छायाचित्रांच्या आणि मुलाखतींच्या प्रती क्लबखेरीज आणखी एका ठिकाणी, शक्यतो शहरातील जुन्या सार्वजनिक वाचनालयात, यादीसह आणि लेखी पोच घेऊन जमा कराव्यात.