शेजारी नवं मैदान होणार आहे? पक्षी, प्राणी आणि आपली झोप वाचवायची तर काय काय करायचं

आधीच सांगते, मैदान पाहिजेच. पोरं पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधे क्रिकेट खेळतायत, त्यांना जागा मिळत असेल तर त्याला विरोध करा असं मी कोणालाच सांगणार नाही. पण गेली काही वर्षं पक्षी बघत फिरताना आणि सोसायट्यांच्या मीटिंगांना बसताना एक गोष्ट पक्की कळलीय की त्रास खेळामुळे फार कमी होतो. तो होतो फ्लडलाईटमुळे, जाळ्यांमुळे, कंपाउंडमुळे, रबराच्या दाण्यांमुळे, गटारामुळे आणि रात्री उशिरापर्यंतच्या बुकिंगमुळे. आणि हे सगळं ठरतं टेंडरच्या कागदात. एकदा पोल उभे राहिले की ते कोणी हलवत नाही, त्यामुळे जे काय मागायचंय ते कागद कच्चा असतानाच मागायचं.

सगळ्यात आधी जागा नीट बघा. ऑफिसच्या भाषेत ती "मोकळी जागा" असते, पण माळ कधीच मोकळा नसतो. खडकाळ, विरळ गवताच्या जमिनीवर टिटवी सरळ उघड्यावर अंडी घालते, चंडोल आणि तिरचिमण्या गवताच्या बुडख्यात घरटी करतात, थंडीत धोबी पक्षी येतात, पावसाळ्यात डबकी साचली की बेडकांचा हंगाम सुरू होतो, शिवाय मुंगूस, घोरपड, धामण असतातच. हे सगळं एका दिवसात दिसत नाही. मे महिन्यात दुपारी बारा वाजता कोणी इंजिनिअर येऊन बघून गेला तर त्याला खरंच काही दिसणार नाही आणि तो प्रामाणिकपणे "इथे काही नाही" असं लिहील.

वेळेचा हा मुद्दा किती मोठा आहे ते नवी मुंबईत कळतं. सीवूड्सच्या एनआरआय कॉम्प्लेक्समागे आणि टीएस चाणक्य ह्या नौवहन प्रशिक्षण संस्थेजवळ ज्या पाणथळी आहेत तिथे फ्लेमिंगो यायचे मुख्य कारण म्हणजे भरती. ओहोटीला ते ठाणे खाडीच्या चिखलात चरतात आणि भरतीने चिखल बुडाला की ह्या पाणथळींवर येऊन थांबतात. म्हणजे ओहोटीच्या वेळी गेलात तर तळं रिकामं! त्याच जागेवर सिडकोचा (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) गोल्फ कोर्स आणि घरांचा प्लॅन होता, रहिवासी आणि पक्षीप्रेमी कोर्टात गेले, २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि पुढे प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जाही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून) मिळाला, पण पक्ष्यांना भरतीच्या वेळी टेकायला लागणारी जागा अभयारण्याच्या रेषेबाहेर असू शकते हे लोकांनी नोंदी ठेवल्या म्हणून पुढे आलं.

तर नोंदी ठेवायच्या. मोबाईल पुरेसा आहे. पक्ष्यांसाठी ईबर्ड ॲप, बाकी सगळ्यासाठी आयनॅचरलिस्ट ॲप, दोन्ही फुकट आणि दोन्हीत तारीख-वेळ-ठिकाण आपोआप बसतं, त्यामुळे उद्या कोणी "फोटो कुठला आहे" म्हणून विचारलं तर उत्तर तयार. सकाळी उजाडल्यावर पहिले दोन तास, संध्याकाळी अंधार पडताना, आणि अधूनमधून रात्री नऊनंतर (पिंगळा, वटवाघळं, बेडूक तेव्हाच कळतात). पाऊस पडला की डबकी कुठे साचतात त्याचे फोटो काढा, ते पुढे गटाराच्या मुद्द्याला कामाला येतात. आणि हो, टिटवी डोक्यावर येऊन ओरडायला लागली तर ती तुम्हाला हाकलतीये, जवळपास अंडी किंवा पिल्लं आहेत, तिथून मागे फिरा. घरट्याचं नेमकं ठिकाण ग्रुपवर टाकू नका प्लीज. आपल्याकडे टिटवीने अंडी कुठे घातली त्यावरून पावसाचा अंदाज बांधणारे शेतकरी अजूनही आहेत, त्यामुळे गावाकडून आलेल्या शेजाऱ्यांना हा विषय पटकन कळतो, त्यांना सोबत घ्या.

हे काम आपल्यालाच का करायचं? कारण बहुतेक वेळा दुसरं कोणी करत नाही. पर्यावरण मंजुरी लागते ती साधारण २०,००० चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला, आणि मैदानात बांधकाम म्हणजे एक चेंजिंग रूम, टॉयलेट आणि फार तर स्टँड, त्यामुळे कोणी अभ्यास करायला बांधील नसतं. जागा खाडीकाठी किंवा पाणथळीत असेल तर सीआरझेड (समुद्र-खाडीकाठच्या बांधकामाचे नियम) आणि २०१७ चे पाणथळ नियम लागू होतात का ते मात्र लगेच तपासा, तिथे गणित पूर्ण बदलतं.

आता कागद. विकास आराखड्यात त्या जागेवर आरक्षण काय आहे ते आधी बघा, मैदानाचं, उद्यानाचं की आणखी कशाचं, कारण आरक्षण बदलत असतील तर एमआरटीपी म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली नोटीस निघते आणि हरकती-सूचना द्यायला एक महिना मिळतो, तो महिना हातातून गेला की मग नुसती धावाधाव. फाईल बघायची असेल तर दर वेळी माहिती अधिकार लागतोच असं नाही, २०१८ च्या राज्य सरकारच्या परिपत्रकाप्रमाणे महापालिकांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अर्ज न करता कागद बघता येतात. सोमवारी जा, परिपत्रकाची प्रिंट सोबत ठेवा. नाहीच दाखवलं तर माहिती अधिकाराचा अर्ज, फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, म्हणून तक्रारी लिहू नका, फक्त कागद मागा: मंजूर नकाशा, विजेच्या कामाचं अंदाजपत्रक, पाण्याच्या निचऱ्याचा आराखडा, चालवायला देण्याच्या कराराचा मसुदा. टेंडर निघालं असेल तर ते महाटेंडर्स ह्या सरकारी टेंडरांच्या साईटवर सापडतं, त्यात पोल किती, किती उंच, दिवे कुठले, जाळी कुठली हे ओळीनं लिहिलेलं असतं. हा कागद मिळाला की तुमचं बोलणं हवेत राहत नाही.

दिव्यांवर सगळ्यात जास्त जोर द्या. पांढऱ्या-निळसर एलईडीकडे किडे प्रचंड खेचले जातात, रात्रभर घिरट्या घालून मरतात, त्यांच्यावर जगणारे काही पक्षी आणि वटवाघळं तिथे गोळा होतात पण उजेड टाळणारी वटवाघळं तो पूर्ण पट्टा सोडून देतात. झाडांवर रात्रीला बसणारे पक्षी हलतात. घाटाच्या किंवा टेकडीच्या कडेला असाल तर मे-जूनमध्ये काजव्यांचं काम संपलं, कारण नर-मादी एकमेकांना शोधतात तेच मुळी उजेडाच्या खुणांवर. मागायचं काय, तर दिव्याचा रंग ३००० केल्विन किंवा खाली (आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर), वर आणि बाजूला उजेड जाणार नाही असे कट-ऑफ दिवे, मागच्या बाजूला शेड, आणि बंद होण्याचा टायमर जो वॉचमनच्या हातात नाही. आणि इथे लोक एक गोष्ट उलटी मागतात, "पोल बुटके करा" म्हणतात. बुटक्या पोलवरून मैदानाच्या मधोमध उजेड न्यायचा तर दिवा आडवा वाकवावा लागतो आणि तो थेट तुमच्या तिसऱ्या मजल्याच्या बेडरूममध्ये घुसतो, उंच पोलवर दिवा खाली तोंड करून बसवता येतो. त्यामुळे उंचीवर भांडण्यापेक्षा "मैदानाच्या हद्दीवर आणि आमच्या खिडकीपाशी किती लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड पडेल ते नकाशावर दाखवा" अशी मागणी करा. दिव्यांच्या कंपन्या हा नकाशा बनवून देतात, मागितला नाही तर कोणी देत नाही एवढंच.

जाळी. बॉक्स क्रिकेटच्या (जाळीच्या आत छोट्या जागेत खेळतात ते) टर्फला, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानाला, चारी बाजूंनी आणि वरून नायलॉनची जाळी असते, आणि काळी बारीक जाळी संध्याकाळी पक्ष्याला दिसतच नाही. जाळी ताणलेली पाहिजे, जाड दोऱ्याची आणि दिसेल अशा रंगाची, खालची कड जमिनीवर लोळत सोडायची नाही (साप तिथेच अडकतात आणि सुटायच्या धडपडीत कापले जातात), आणि फाटलेला तुकडा त्याच आठवड्यात काढायचा. पक्षी, साप किंवा कुठलाही वन्यप्राणी अडकलेला दिसला तर स्वतः ओढाताण न करता वनविभागाच्या १९२६ ह्या हेल्पलाईनला फोन करा. हा नंबर मैदानाच्या गेटवर लावून घ्या. कंपाउंडची भिंत सलग नको, खाली ठराविक अंतरावर वीतभर फटी ठेवायला सांगा, मुंगूस-घोरपड-बेडूक जातात आणि पावसाचं पाणीही तुंबत नाही.

माती की टर्फ? माझं मत मातीच्या आणि देशी गवताच्या बाजूने आहे. कृत्रिम टर्फमधे टाकतात ते काळे दाणे बहुतेकदा जुन्या टायरच्या रबराचे, पहिल्या जोरदार पावसात ते गटारातून नाल्यात आणि नाल्यातून नदी-खाडीत जातात. युरोपियन युनियनने २०२३ मध्ये अशा दाण्यांच्या विक्रीवर बंदी आणायचं ठरवलं, ती २०३१ पासून लागू होणार आहे. टर्फ होणारच असेल तर किमान कडेला उंच कठडा आणि गटाराच्या तोंडाशी दाणे अडवणारी गाळणी मागा, आणि ती पावसाळ्यात साफ कोण करणार ते करारात लिहून घ्या. पण मातीचं मैदान म्हणजे आपोआप चांगलं असंही नाही. दादरचं शिवाजी पार्क बघा, एवढं मोठं, एवढं लाडकं मैदान, पण तिथे टाकलेल्या लाल मातीची धूळ आजूबाजूच्या घरांत जाऊन रहिवासी वर्षानुवर्षं हैराण आहेत. मातीवर गवत धरलं पाहिजे आणि गवताला पाणी लागतं, म्हणून पाणी कुठून येणार हा प्रश्न पहिल्याच मीटिंगला विचारा. २०१६ च्या दुष्काळात पिचच्या पाण्याच्या वादातून उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरच्या आयपीएल मॅचेस महाराष्ट्राबाहेर न्यायला लावल्या होत्या, त्यामुळे हा प्रश्न कोणी हसण्यावारी नेऊ शकत नाही. सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं पाणी आणि जागेवरच पावसाचं पाणी मुरवणं, ह्या दोन गोष्टी मागायच्या. तणनाशक मारणार नाही हेही.

आवाजाचा नियम साधा आहे. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६, आणि त्या वेळेत उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही. शाळा-हॉस्पिटल-कोर्टापासून १०० मीटरचा शांतता क्षेत्राचा पट्टा असेल तर मर्यादा आणखी खाली, ५० आणि ४०. मोबाईलच्या ॲपवर येणारा आकडा फक्त अंदाजासाठी धरा, पण त्याचा रोजचा तक्ता तारखेसकट ठेवलात तर पोलिसांनी किंवा प्रदूषण मंडळाने मीटर आणून मोजावं अशी मागणी जोरात करता येते. बरं, नुसता नियम दाखवून शेजारधर्म चालत नाही. टर्फ चालवणाऱ्याचं पोट रात्रीच्या बुकिंगवर असतं हे समजून बोला, ऑफिस सुटल्यावर खेळायला येणारी मुलंही आपलीच आहेत. शेवटचं बुकिंग साडेनऊला संपेल, दहाला दिवे बंद, स्पीकर आणि फटाके अजिबात नाहीत, घराच्या बाजूच्या गेटऐवजी रस्त्याच्या बाजूचं गेट वापरायचं, बॉल खिडकीला लागला तर भरपाई कोणाकडे मागायची, एवढं लिहून घेतलं तरी रोजची निम्मी भांडणं होत नाहीत.

संजय गांधी उद्यानाच्या, आरेच्या किंवा टेकड्यांच्या कडेला राहणाऱ्यांनी कचऱ्याकडे विशेष लक्ष द्या. मैदान आलं की वडापाव-चायनीजच्या गाड्या येतात, उरलेल्या खाण्यावर भटकी कुत्री वाढतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. झाकणाचे डबे, रोज रात्री उचलणं, गेटबाहेर उघड्यावर खाणं टाकायला बंदी, हे बिबट्यासाठी आणि संध्याकाळी घरी चालत येणाऱ्या पोरांसाठी, दोघांसाठी आहे. झाडांचं म्हणाल तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, नोटीस झाडावर आणि पेपरात येते, हरकतीची मुदत त्यातच असते. ५० वर्षांवरच्या झाडांना २०२१ च्या दुरुस्तीनंतर वारसा वृक्षाचं संरक्षण आहे, त्यामुळे जुना वड-पिंपळ-चिंच असेल तर त्याचा घेर मोजून फोटोसकट पत्रात टाका.

पत्र एकच करा, दोन पानांच्या आत, आणि त्यावर सह्या फक्त सोसायटीच्या नकोत. शाळेच्या पीटीच्या सरांची, मैदानावर खेळणार असलेल्या क्लबची, सकाळी चालणाऱ्या ज्येष्ठांची सही घ्या. खेळाडू सोबत असले की "ह्यांना मैदानच नकोय" हा शिक्का बसत नाही, तो एकदा बसला की तुमचं काहीही ऐकलं जात नाही. प्रत्येक मागणीपुढे टेंडरमधल्या त्या कामाचा क्रमांक लिहा, आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय ऑफिस सोडू नका. मीटिंगमध्ये तोंडी "बघू, करू" झालं तर त्याच संध्याकाळी, आज काय ठरलं ते ईमेलने पाठवून द्या.

काम सुरू व्हायची तारीखही मागून घ्या. टिटवीचा हंगाम साधारण मार्च ते ऑगस्ट, बेडकांचा पहिल्या पावसापासून, म्हणून सपाटीकरण दिवाळीच्या सुमारास सुरू झालं तर सगळ्यात कमी नुकसान. मधेच घरटं सापडलं तर तेवढ्या कोपऱ्याला दोरी बांधून रोलर थांबवायला सांगा, अंडी उबायला जवळपास चार आठवडे लागतात आणि पिल्लं बाहेर आली की काही तासांतच चालायला लागतात, म्हणजे ठेकेदाराचंही फार अडत नाही. मैदान सुरू झाल्यावर पहिल्या मोठ्या पावसात गटाराच्या तोंडाशी जाऊन बघा, पहिल्या महिन्यात एकदा रात्री सव्वादहाला दिवे तपासा, आणि ज्या जागांवरून आधी नोंदी केल्या होत्या तिथूनच वर्षभर त्याच वेळांना नोंदी चालू ठेवा. चालवायला दिलेला करार ठराविक वर्षांनी संपतो, नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरला लावून ठेवा आणि त्याच्या तीन-चार महिने आधी ह्या नोंदी घेऊन पुन्हा त्याच टेबलावर जा.